सात ते आठ, आईजवळ

१

आईला झोप येत नव्हती, इथून सगळं सुरू झालं. म्हणजे अगदीच येत नव्हती असं नाही. जेवता जेवता यायची, टीव्ही बघताना यायची, मी काही महत्त्वाचं सांगत असले की हमखास यायची. फक्त रात्री यायची नाही. एक्याऐंशी वर्षांचं माणूस एका रात्रीत किती हाका मारू शकतं याची तुम्हाला कल्पना नाही. "अगं, वाजले किती?" "अगं, उजाडलं का?" मी उठायची, सांगायची, पुन्हा पडायची, आणि सकाळी तसेच चुरचुरणारे डोळे घेऊन कामावर जायची.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. डॉक्टर साचा पाठवतात, सोबत चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा नंबर, आणि मी मेणात एकेक दात बसवत जाते. बावीस वर्षं झाली. डोळे हीच माझी भाकरी, आणि ते डोळे आई रात्रभर जागवत होती.

एका रविवारी हे धाकटीच्या कानावर घातलं. धाकटी म्हणजे माझी बहीण, सहा वर्षांनी लहान, विमानाने पाच तासांवर राहते. आठवड्यातून एकदा फोन करते आणि त्या एका फोनवर आई आठवडाभर जगते. सोमवार ते शनिवार आंघोळ, औषधं, चादरी, जेवण, नखं, सगळं मी करायचं, आणि रविवारी दहा मिनिटांत शाबासकी तिने घेऊन जायची. माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, लपवायचं कशाला?

"ताई, मी बघते काहीतरी," ती म्हणाली. मला वाटलं, बघेल आणि विसरेल. पण आठ दिवसांत तिने एक बाई पाठवली. तिला मी मनातल्या मनात दिवेवाली म्हणायला लागले, ते नाव पुढे तोंडातच बसलं.

दिवेवालीने आधी चहा नाकारला, मग घर मोजलं. तिच्याकडे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. ते तिने आईच्या उशीवर ठेवलं, खुर्चीवर ठेवलं, खिडकीत धरलं, मोरीतही नेलं, आणि दर ठिकाणी किती उजेड पडतो ते लिहून घेतलं.

"आजींना दिवसा उजेड पुरत नाही आणि रात्री जास्त होतो," ती म्हणाली. "सकाळी पांढरा, भरपूर. दुपारनंतर हळूहळू पिवळा. सातनंतर वरची ट्यूब बंद, खालून मंद दिवे. शरीराला कळतं की दिवस संपत आला. गोळीपेक्षा बरं."

"इतकं सोपं?"

"सोपं नाही, ताई. दिवे माणसाच्या मागे जायला हवेत. म्हणून मला तुमचा दिवस हवा." तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक आईसाठी, एक माझ्यासाठी. अर्ध्या अर्ध्या तासाची घरं आखलेली, सात दिवसांची. "कोण, किती वाजता, कुठे बसतं, काय करतं. रोजच्या रोज भरा. आणि जसं आहे तसंच लिहा. पुष्कळ लोक इथेच गडबड करतात."

"कोण वाचणार आहे?"

"मी. आणि एक प्रत तुमच्या बहिणीला पाठवायची आहे, त्यांनी तसं सांगितलंय."

हे तिने म्हटलं नसतं, तर आज मी तुम्हाला काही सांगत बसले नसते.

२

आईचा तक्ता मी खराखुरा भरला. माझा मात्र आठवडाभर कोरा राहिला, आणि शेवटच्या दुपारी एका बैठकीत लिहून काढला. रोज भरल्यासारखा दिसावा म्हणून तीन पेनं बदलली. एका घरावर चहाचा थेंबही पाडला. लबाडी करायची तर नीट करावी.

खरा माझा दिवस असा होता. सव्वासहाला घरी. चहा, भांडी, गॅसवर जेवण. सातला आईच्या हातात रिमोट द्यायचा आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावायचं. आठपर्यंत आडवं पडून फोन बघायचा. हा माझा तास. या तासात घराला आग लागली तरी मला उठवू नकोस, असं मी आईला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. तीही मग मारत नसे हाक. हॉलमध्ये टीव्हीसमोर एकटी बसायची.

पण हे धाकटीने वाचायचं? तिला फोनवर आईशी बोलताना मी ऐकलं होतं: "मी तिथे असते ना आई, तर रोज संध्याकाळी तुला वाचून दाखवलं असतं. तुझी वेणी घातली असती." असते तर! पाच तासांवरून वेणी घालायला काय जातंय? माझा अगदी तिळपापड झाला होता.

मग मी तेच उचललं. सात ते आठच्या घरांत लिहिलं: आईजवळ. सात-चाळीसपर्यंत वाचून दाखवते, नंतर केस विंचरून वेणी घालते. बसण्याची जागा: खिडकीजवळची वेताची खुर्ची. सातही दिवस. रविवारच्या घरात हौसेने आणखी लिहिलं, 'गप्पा, हसणं.' त्या वेताच्या खुर्चीवर गेलं वर्षभर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडलेला होता. तिच्यावर माणूस बसलेलं मलाही आठवत नव्हतं.

दिवेवालीने तक्ता उभ्याउभ्या वाचला. मला वाटलं, पकडली. ती म्हणाली, "छान आहे तुमची संध्याकाळ. अशा घरात काम करायला बरं वाटतं."

मी मान खाली घालून लाजले. खरंच लाजले हो, जणू सगळं मी रोज करत होते.

३

दिवे बसले. त्यांची सगळी वेळापत्रकं एका छोट्या डब्यात घातलेली, घड्याळाप्रमाणे आपोआप लागायची आणि विझायची. सकाळी सहाला आईच्या पलंगामागे पांढरा उजेड हळूहळू वाढायचा. न्याहारीला हॉल लख्ख. चारनंतर सगळं थोडं थोडं पिवळं होत जायचं, आणि सातच्या ठोक्याला वरची ट्यूब विझून दोनच दिवे उरायचे. एक आईच्या पायाशी, आणि एक वेताच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, पुस्तकावर पडेल असा.

माझ्या खोलीतला दिवा मात्र सातला जवळजवळ विझायचा. बरोबरच आहे, तक्त्याप्रमाणे मी तिथे नव्हतेच. तक्रार कुणाकडे करणार? मी अंधारात पडून फोन बघायला लागले.

नवव्या रात्री आई झोपली. साडेदहा ते पहाटे साडेपाच. बाराव्या दिवसापासून दुपारच्या डुलक्या थांबल्या. चेहऱ्यावर तुकतुकी आली. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण रविवारी आई फोनवर म्हणाली, "लाखातलं काम केलंस बघ धाकटे," आणि मी स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरातच आपटलं.

पुढच्या आठवड्यात वेताच्या खुर्चीवरचा ढीग नाहीसा झाला. कपडे घड्या घालून कपाटात, बाह्या आत, मी घालते तशा. मला वाटलं, आईने केलं. झोप झाली की माणसाला हुरूप येतो.

मग एकदा आठला दार उघडून बाहेर आले, तर आईच्या पाठीवर वेणी. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तीन वर्षं झाली. सकाळी घाईघाईत मीच तिचा अंबाडा गुंडाळते. आणि ही घट्ट, एकसारखी तीन पदरांची वेणी, टोकाला पांढरा दोरा बांधलेला. दातांच्या फटी साफ करायचा दोरा. त्याची रिळं लॅबमधून येतात, एखादं नेहमी माझ्या पिशवीत असतं. गाठही दुहेरी, मी मारते तशी.

"वेणी कुणी घातली गं?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे?" आई हसली. "काय चेष्टा करतेस म्हातारीची. आत्ता तर घातलीस."

४

लॅबमध्ये नव्या मुली येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. कुठल्याही दिव्याखाली आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ट्यूबखाली बेमालूम जुळलेला दात बाहेर उन्हात नेला की राखाडी दिसतो. दात तोच, उजेड बदलला. म्हणून खिडकीत जायचं, पुन्हा बघायचं, आणि मगच बोलायचं.

तेव्हा मी डोकं शांत ठेवलं. म्हटलं, आई विसरली असेल. शेजारच्या बाई दुपारी डोकावतात, त्यांनी घातली असेल. त्यांना विचारलं, तर त्या पंधरा दिवस गावातच नव्हत्या. म्हटलं, मग मीच घातली असेन आणि विसरले असेन. थकलेलं माणूस काय काय विसरतं. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्यावरून दोनदा परत येते.

कपाटातलं एक जाडजूड प्रवासवर्णन आता आईच्या खुर्चीशेजारी असायचं. त्यात खुणेला बसचं तिकीट. माझ्याच बसचं, त्याच दिवसाचं. मी सोमवारी पान बघून ठेवलं, एक्केचाळीस. मंगळवारी त्रेपन्न. आईला चष्मा लावूनही मथळ्यापलीकडे वाचता येत नाही.

बुधवारी मी दार लावलं, पण फोन हातात घेतला नाही. दाराला कान लावून उभी राहिले. सात वाजले, माझ्या खोलीतला उजेड खाली गेला. बाहेर टीव्ही बंद झाला. वेताच्या खुर्चीने कोणी बसल्यावर करते तशी कुरकुर केली. मग कुणीतरी वाचायला लागलं.

शब्द कळत नव्हते. नुसता सूर येत होता, सावकाश, मध्ये थांबणारा, पान उलटणारा. मध्येच आई खुदकन हसली. माझ्या जन्मात मी आईला असं हसताना ऐकलं नव्हतं. रविवारीसुद्धा नाही. धाकटीसाठीसुद्धा नाही!

तुम्हाला वाटेल मी घाबरले. घाबरले ते नंतर. त्या क्षणी माझ्या मनात पहिली आली ती जळजळ. म्हटलं, ही कोण टिकोजी, माझ्या घरात येऊन माझ्या आईला हसवणारी?

दार उघडलं. खुर्ची रिकामी, दिवा तसाच, पुस्तक उघडं. आई माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"झालं का गं तुझं?" ती म्हणाली. "जेवायला वाढतेस?"

५

दिवेवालीला बोलावलं. दिवा बिघडलाय म्हणून सांगितलं, दुसरं काय सांगणार? तिने डबा उघडला, वेळा तपासल्या, बल्ब काढून पुन्हा लावला.

"काही बिघाड नाही, ताई. हा फक्त घड्याळ बघतो. खोलीत माणूस आहे की नाही, हे त्याला कळतसुद्धा नाही."

"मग सातला तिथे..." मी थांबले. "तिथे कुणी बसत नसेल, तरी लागणारच का?"

"कुणी बसत नसेल म्हणजे? तुम्हीच बसता ना." तिने फाइलमधून माझा तक्ता काढला. तीन पेनं, चहाचा थेंब, सगळं जिथल्या तिथे. "हे बघा, तुमचंच अक्षर."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग समजूत काढल्यासारखी म्हणाली, "कधी कधी लोक थोडं वाढवून लिहितात. मला कळतं ते. पण मी बदलत नाही. रोज ठरल्या वेळेला, ठरल्या जागी मऊ उजेड पडला ना, की महिन्याभरात कुणीतरी येऊन बसतंच तिथे. घराला सवय लागते."

"कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही!" ती हसली. "दुसरं कोण येणार?"

आतून आईने हाक मारली, "अगं, त्या बाईंना म्हणावं, खुर्चीजवळचा दिवा फार सुरेख आहे. तिच्या चेहऱ्यावर छान पडतो."

दिवेवालीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि पिशवी उचलली.

६

मी पाहिलं. एकदाच. त्याबद्दल मी फार बोलणार नाही.

शुक्रवार होता. सातला पाच मिनिटं असताना मी आत जाऊन दार लोटलं, पण बोटभर फट ठेवली, आणि जमिनीवर बसले. ट्यूब विझली. दिवा लागला. मला आई दिसत होती ती पाठमोरी, केस मोकळे सोडलेले. त्या केसांत कंगवा वरून खाली येत होता, अगदी सावकाश. गुंता लागला की थांबायचा. दोन बोटं गुंत्याच्या वर केस धरून ठेवायची, मुळाला ओढ बसू नये म्हणून, आणि मग कंगवा खालून थोडा थोडा गुंता सोडवायचा. त्या बोटांची नखं मी ओळखली. नखांच्या कडेचं गुलाबी मेणही ओळखलं.

मग ती विंचरणारी जरा पुढे वाकली आणि उजेडात अर्धा गाल आला.

माझाच. पण त्याच्यावर जे होतं ते माझं नव्हतं. कसली घाई नाही, कपाळाला आठी नाही, ओठांचं टोक खाली वळलेलं नाही. नुसती माया होती. बावन्न वर्षांत आरशात मी तो चेहरा एकदाही पाहिला नव्हता. आणि तो माझ्या चेहऱ्यावर इतका शोभत होता, की मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं.

तिने मान वळवली नाही. पण ती हळूच म्हणाली, "आई, वारा येतोय का गं? दार लावू?" आणि मीच आतून, घाईघाईने, फट बंद केली.

रविवारी धाकटीचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिने मला फोनवर बोलावून घेतलं.

"ताई, आई नुसती तुझंच सांगते गं. ताई वाचते, ताई वेणी घालते, ताईचा हात किती हलका. मी इथे बसून नुसते फोन करते. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो."

सेहेचाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट पाहत होते. ते ऐकलं, आणि ते माझं नव्हतं.

७

सोमवारी लॅबमधून आल्या आल्या मी खुर्चीजवळचा बल्ब काढला. हातरुमालात गुंडाळून कपाटात टाकला. वायरसुद्धा उपटून ठेवली.

सातला ट्यूब विझली. खुर्चीवर अंधार. मी आईसमोर दुसरी खुर्ची ओढून बसले. टॉर्चच्या उजेडात पुस्तक उघडलं.

"आज मी वाचणार."

आई बघत राहिली. मी वाचायला लागले. मला वाचता येत नाही असं नाही, पण तिसऱ्या पानावर जांभई आली, एक ओळ गाळली, आणि आई म्हणाली, "राहू दे, दमली असशील." केस विंचरायला घेतले. कंगवा अडकला, मी ओढला.

"आई गं! दुखतं."

"थोडं सहन कर की! तिला करू देतेस ते चालतं?"

बोलून गेले. आईने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. माझ्यासारख्या चिडक्या पोरीबद्दल आईच्या डोळ्यांत असते तशी थकलेली कीव होती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. दिवसा जेवण नको, दूध नको. टीव्ही लावला तर भिंतीकडे तोंड. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला बाहेर घेऊन विचारलं, "घरात काही झालंय का? कुणी गेलंय का?"

"नाही हो. आम्ही दोघीच असतो."

आत येऊन पलंगावर बसले. आईचा हात हातात घेतला. नुसतं कातडं.

"ती का येत नाही गं?" आईने विचारलं.

"आई, मी आहे ना."

"तू आहेस गं," आई म्हणाली. "तू आहेसच. पण ती का येत नाही?"

मी हात सोडला. माझ्या आत जे काय होत होतं ते रडणं होतं की राग, मला आजही सांगता येणार नाही. पंचवीस वर्षं मी या बाईचं सगळं केलं. लग्न मोडलं तेव्हा इथेच आले, इथेच राहिले. आणि कागदावर तीन पेनांनी लिहिलेली एक बया येते काय, तासभर बसते काय, आणि सगळं माप तिच्या पदरात! तिला चादरी बदलाव्या लागत नाहीत. नखं कापावी लागत नाहीत. रात्री हाकांना उठावं लागत नाही. तासभर गोड राहायला काय जातं? मीही राहिले असते.

हे मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली, कारण तो तास मला रोज होता.

आईचे ओठ कोरडे पडले होते. ती आता बोलत नव्हती. पावणेसात झाले होते.

मी बल्ब कपाटातून काढला आणि पुन्हा लावला.

८

त्या संध्याकाळपासून आई पुन्हा जेवू लागली. चार दिवसांत झोप परतली, आठवड्यात गालांवर रंग आला. मी सव्वासहाला येते, चहा करते, जेवण करते, सातला खोलीत जाऊन दार लावते. फोन बघत नाही. अंधारात पलंगाच्या कडेला बसून ऐकते. त्यांचं पुस्तक संपलं, दुसरं सुरू झालं. कधी कधी वाचन थांबवून दोघी माझ्या लहानपणाच्या गोष्टी काढतात. त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या. आईने मला त्या कधी सांगितल्या नव्हत्या. त्या खुर्चीतलीला बरोबर आठवतात आणि आईही म्हणते, "हो गं, हो! किती लक्षात आहे तुझ्या!"

मी ठरवलं होतं, हे असंच चालू द्यायचं. आई जगते आहे, बाकी काय हवंय? बाकीचे तेवीस तास माझे आहेत. मी स्वतःची अशी समजूत घातली होती.

काल दोघी वेणीपर्यंत आल्या होत्या. कंगव्याचा आवाज थांबला होता. आईने विचारलं, हळू, जसं पाहुण्यांसमोर घरातलं विचारतात:

"अगं, ती आत दार लावून कोण बसते?"

दोरा दातांनी तोडल्याचा बारीक आवाज आला.

"ती होय?" माझा आवाज म्हणाला. त्यात जराही कडवटपणा नव्हता. "ती वरकामाची बाई, आई. तुझं आवरायला ठेवलीय ना मी."

"हो का? सकाळी आंघोळ घालते तीच का?"

"तीच."

"कामाला चांगली आहे हं," आई म्हणाली. "चिडते फार, पण करते बिचारी. तिचं घर कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. आठला जाते ती."

घड्याळात आठला दोन मिनिटं होती. मला ओरडायचं होतं. दार उघडून हॉलमधली प्रत्येक वस्तू फोडायची होती, आईला दोन्ही खांद्यांना धरून म्हणायचं होतं, आई, मी, मी गं, थोरली! पण पाचव्या दिवशीचा तिचा हात मला आठवला, नुसतं कातडं झालेला. मी दार उघडलं, आणि खुर्चीच्या बाजूला न बघता, भिंतीच्या कडेकडेने चालत हॉल ओलांडला. खुर्ची कुरकुरली नाही. तिथलं कुणी उठलं नाही.

बाहेरच्या दाराशी मंद पिवळा उजेड पडला होता, चपलांवर, बरोबर माझ्या चपलांवर. तिथे आम्ही दिवा बसवलेला नाही.

"निघालीस का गं?" मागून आईने हाक मारली. मी वळले. ती पाठीवर वेणी टाकून, मान कलती करून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती, जितकी मला उद्देशून आजवर कधीच नव्हती.

"अंधार पडलाय. नीट जा हं, बाई."

"हो," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.